शंका विचारणारे फादर भक्तीचे शत्रू नव्हेत



ईस्टर झाले आणि दैवी दयेचा रविवार जवळ आला, की चर्चमध्ये सेवा करणाऱ्या आम्हां मंडळींच्या कानावर एक तक्रार हमखास येते. "आमच्या फादरांना दैवी दयेची भक्ती आवडत नाही." जरा विचारपूस केली की वेगळेच कळते. फादरांनी दैवी दयेची जपमाळ बंद केलेली नसते आणि चित्रही भिंतीवरून उतरवलेले नसते. त्यांचे म्हणणे इतकेच असते, की 'हा संदेश वीस जणांना पाठवा, तीन दिवसांत चमत्कार होईल' असले मजकूर प्रार्थना-गटात टाकू नका. किंवा कोणाला प्रभूचे दर्शन होते असे गावोगाव सांगण्याआधी ते बिशपांच्या कानावर घाला. एवढ्यावरून निकाल लागतो, की फादरांची श्रद्धा कमी पडते.

आम्हांला हा निकाल मान्य नाही. आज हे स्पष्ट बोलायचे कारण असे, की ज्या भक्तीच्या नावाने फादरांवर बोट दाखवले जाते, ती भक्ती जगापुढे आली तीच एका शंका विचारणाऱ्या धर्मगुरूच्या हातून. त्यांचे नाव धन्यवादित मिखाएल सोपोच्को. संत फॉस्टिनांचे नाव आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पण तीन वाजता जपमाळ म्हणणाऱ्या दहा जणांना विचारा, 'फादर सोपोच्को कोण?' बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. हे विसरणे साधे नाही. त्या धर्मगुरूला विसरल्यामुळेच आपण भक्ती कशी पसरवायची हे विसरलो आहोत.

फादर सोपोच्को यांचा जन्म १८८८ सालचा, विल्नियस शहराच्या परिसरातला. १९१४ मध्ये ते धर्मगुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पोलंडच्या सैन्यात चॅप्लेन म्हणून सेवा केली, ईश्वरज्ञानात डॉक्टरेट मिळवली, आणि विल्नियसच्या विद्यापीठात व सेमिनरीत ते शिकवू लागले. त्यांच्या हयातीत त्या शहरावर रशियाची, पोलंडची, लिथुआनियाची, जर्मनीची आणि सोव्हिएतची सत्ता येऊन गेली. एकाच गल्लीत चार भाषा बोलल्या जात. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या लोकांना अशा गावाची कल्पना करणे जड जाऊ नये.

१९३३ मध्ये सिस्टर फॉस्टिना विल्नियसच्या मठात आल्या, तेव्हा फादर सोपोच्को तेथील सिस्टरांची कन्फेशने ऐकत असत. फॉस्टिना जेमतेम शिकलेल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मठात स्वयंपाक, बाग आणि दारावरची कामे त्यांच्याकडे होती. दोन वर्षांपूर्वी, २२ फेब्रुवारी १९३१ रोजी, प्वॉत्स्क येथील मठात त्यांना पांढऱ्या झग्यातील येशूचे दर्शन झाले होते. त्याच्या हृदयाजवळून लाल आणि फिकट असे दोन किरण निघत होते, आणि या रूपाचे चित्र काढून घे अशी आज्ञा झाली होती. तेथे कन्फेशनमध्ये त्यांनी हे सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, की ते चित्र आत्म्यात रंगवायचे आहे. उत्तर ऐकायला सुंदर आहे. पण त्याने प्रश्न सुटला नाही, नुसता पुढे ढकलला गेला.

विल्नियसमध्ये त्यांनी फादर सोपोच्कोंना हेच सांगितले. शिवाय, तुम्हीच या कार्यात मला मदत कराल असे मला आधी दाखवले गेले आहे, असेही सांगितले. आता विचार करा. एखाद्या धर्मगुरूला कोणी येऊन म्हणाले, की देवाने तुमचीच निवड केली आहे, तर मोह किती मोठा! फादर सोपोच्को या मोहाला भुलले नाहीत. त्यांनी आधी तिकडे फारसे लक्ष दिले नाही आणि सिस्टरांची कसोटी पाहिली. मग मठाच्या मदर सुपीरियरांकडे चौकशी केली आणि सिस्टर फॉस्टिनांची मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी व्हावी अशी मागणी केली. तपासणी झाली आणि त्यांचे मन निरोगी असल्याचा निर्वाळा मिळाला.

आज आपल्यापैकी कोणा ताईंना फादर म्हणाले, की दर्शनाबद्दल बोलण्याआधी डॉक्टरांना भेटून या, तर काय होईल? घरचे रुसतील, गट फुटेल, बिशपांकडे पत्र जाईल. सिस्टर फॉस्टिना रुसल्या नाहीत. जे खरे आहे त्याला तपासणीची भीती नसते. आणि फादर सोपोच्कोंनी असे विचारले म्हणून त्यांची श्रद्धा कमी ठरली का? उलट, त्यांनी विचारले म्हणूनच पुढे जगाला विश्वास ठेवता आला. सगळे पारखून घ्या आणि जे चांगले ते धरून ठेवा, असे संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला कळवले, तेव्हा तो आत्मा विझवायला सांगत नव्हता. आत्म्याला विझवू नका हे त्याने त्याच दमात सांगितले आहे. पारखणे आणि विझवणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती भक्ती सुरक्षित नाही.

आज लाखो घरांत वाचली जाणारी संत फॉस्टिनांची दैनंदिनी कशी लिहिली गेली, तेही ऐका. फादर सोपोच्कोंना शिकवण्याची आणि इतर कामे इतकी होती, की कन्फेशनमध्ये लांबलचक ऐकून घ्यायला वेळ नसे. म्हणून त्यांनी सांगितले, जे सांगायचे ते वहीत लिहा आणि वही मला वाचायला द्या. लिहिलेले शांतपणे वाचता येते, पुन्हा तपासता येते, हाही लाभ होता. १९३४ मध्ये ते पवित्र भूमीच्या यात्रेला गेले असताना सिस्टर फॉस्टिनांनी ती वही जाळून टाकली. देवदूताने तसे सांगितले असे त्यांना वाटले होते. फादर परत आले आणि त्यांनी सगळे पुन्हा लिहायला लावले. म्हणजे जो आवाज देवदूताचा वाटला त्याच्यापेक्षा धर्मगुरूची आज्ञा अधिक भरवशाची ठरली. दर्शनाच्या नावाखाली फादरांना बाजूला सारणाऱ्यांनी दैनंदिनीचा हा इतिहास पुन्हा पुन्हा आठवावा. आज्ञापालन झाले नसते, तर दैनंदिनी राखेतच राहिली असती.

येथे कोणी म्हणेल, ठीक आहे, फादरांनी तपासावे. पण तपासता तपासताच भक्ती मरून जाते, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. काही ठिकाणी 'विचार करू' याचा अर्थ 'विसरून जाऊ' असाच असतो. भाविक वर्षानुवर्षे परवानगीची वाट पाहतात आणि कागद कपाटात पडून राहतो. ही पारख नव्हे, हा आळस आहे. फादर सोपोच्को यांचे उदाहरण जसे उतावळ्या भाविकांना शिकवते, तसेच ते आळशी सेवकांनाही शिकवते. कारण खात्री पटू लागल्यावर त्यांनी काय केले ते पाहा.

सिस्टर फॉस्टिनांना चित्र काढता येत नव्हते. फादरांनी आपल्या शेजारी राहणारे चित्रकार युजेनिउश काझिमिरोव्स्की यांना काम दिले आणि खर्च स्वतः उचलला. १९३४ च्या पहिल्या सहामाहीत ते चित्र तयार झाले. झग्याच्या चुण्या नीट दिसाव्यात म्हणून विद्यापीठात शिकवणारे हे धर्मगुरू स्वतः आल्ब घालून चित्रकारापुढे उभे राहिले. चित्र पूर्ण झाले तेव्हा सिस्टर फॉस्टिनांना रडू आले, कारण दर्शनातले सौंदर्य रंगांत उतरले नव्हते. त्यांना उत्तर मिळाले ते असे, की या चित्राचे मोठेपण रंगात किंवा कुंचल्यात नाही, तर प्रभूच्या कृपेत आहे. कोणत्या फ्रेमचे चित्र अधिक 'पावते' यावर वाद घालणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

एप्रिल १९३५ मध्ये विल्नियसच्या ओस्त्रा ब्रामा या वेशीत, जेथे पवित्र मरियेचे प्रसिद्ध चित्र आहे, तारणाच्या ज्युबिली वर्षाची सांगता होती. तेथे प्रवचन देण्यासाठी फादर सोपोच्कोंना बोलावणे आले. त्यांनी होकार दिला, पण दैवी दयेचे चित्र तेथील खिडकीत ठेवू द्यावे अशी विनंती केली. २६ ते २८ एप्रिल असे तीन दिवस लोकांनी ते चित्र पाहिले आणि फादरांचे दयेवरील प्रवचन ऐकले. शेवटचा दिवस ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता. पुढे आर्चबिशप याउब्झिकोव्स्की यांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल १९३७ रोजी ते चित्र संत मिखाएलच्या चर्चमध्ये लावण्यात आले. ते मुकाट्याने आधी टांगून मग कोणी हरकत घेते का, हे पाहिले गेले नाही. फादर त्या चर्चचे प्रमुख होते, तरी त्यांनी वाट पाहिली.

५ ऑक्टोबर १९३८ रोजी सिस्टर फॉस्टिना क्राकुव येथे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी प्रभूकडे गेल्या. आता सारा भार एका माणसावर आला. महायुद्ध पेटले. फादर सोपोच्कोंनी देवाच्या दयेवर आणि तिच्या सणावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. मरियन संघाचे फादर योझेफ याझेंबोव्स्की यांनी त्याची प्रत बरोबर घेतली आणि सायबेरिया व जपान ओलांडून १९४१ मध्ये अमेरिका गाठली. तेथून ही भक्ती दूरदूर गेली. मार्च १९४२ मध्ये जर्मन गेस्टापोने विल्नियसच्या सेमिनरीतील प्राध्यापक व विद्यार्थी पकडले. फादर सोपोच्को निसटले आणि शहराबाहेर सुमारे अडीच वर्षे सुतार म्हणून लपून राहिले. त्या काळातही त्यांनी प्रार्थना आणि लेखन सोडले नाही. दैवी दयेच्या सेवेसाठी त्यांनी सुरू केलेल्या सिस्टरांच्या संघाची पायाभरणीही याच युद्धकाळात झाली. 'विचार करू' म्हणून कागद कपाटात ठेवणाऱ्याचे हे आयुष्य नव्हे.

आता सर्वांत कठीण गोष्टीकडे येऊ. युद्धानंतर भक्ती वेगाने पसरली, पण सिस्टर फॉस्टिनांच्या लिखाणाची सदोष भाषांतरे रोमला पोचली. ६ मार्च १९५९ रोजी होली ऑफिसची सूचना प्रसिद्ध झाली, की फॉस्टिनांनी सुचवलेल्या रूपातील चित्रे व लेखन पसरवू नये. फादर सोपोच्को तेव्हा सत्तर वर्षांचे होते आणि ब्यालिस्तोक येथील सेमिनरीत शिकवत होते. पंचवीस वर्षांची मेहनत एका कागदाने थांबली.

आमचे काही वाचक येथे म्हणतील, पाहा, वरिष्ठ चुकले! मग आज आम्ही वरिष्ठांचे का ऐकावे? हाच तर्क आम्हांला सर्वांत धोक्याचा वाटतो. फादर सोपोच्कोंनी तो केला नाही. ते बंड करून उठले नाहीत, गुप्त गट काढला नाही, वरिष्ठांची निंदा करणारी पत्रके वाटली नाहीत. आणि ते हात बांधूनही बसले नाहीत. बंदी एका भक्तीच्या विशिष्ट रूपांवर होती; देव दयाळू आहे या सत्यावर कोण बंदी घालणार? म्हणून त्यांनी पवित्र शास्त्र, उपासनाविधी आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या आधारावर देवाच्या दयेविषयी लिहिणे चालू ठेवले. 'देवाची दया त्याच्या कार्यांत' या नावाचा त्यांचा ग्रंथ चार खंडांचा आहे. दर्शन बाजूला ठेवले तरी दयेची शिकवण शुभवर्तमानात पाय रोवून उभी आहे, हे त्यांनी दाखवले. पुनरुत्थित येशू बंद खोलीत प्रेषितांपुढे उभा राहतो, शांती देतो, जखमा दाखवतो आणि पापक्षमेचा अधिकार सोपवतो, हे योहानाचे शुभवर्तमान ईस्टरनंतरच्या रविवारी आधीपासूनच वाचले जात होते. थोमाही तेथेच आहे. शंका घेतली म्हणून प्रभूने त्याला हाकलले नाही, आपल्या जखमा पुढे केल्या.

१५ फेब्रुवारी १९७५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, फादर सोपोच्को ब्यालिस्तोक येथे वारले. तो दिवस संत फॉस्टिनस यांच्या स्मरणाचा, म्हणजे सिस्टर फॉस्टिनांच्या नावाचा दिवस होता. बंदी तेव्हाही कायम होती. ती उठली १५ एप्रिल १९७८ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. ३० एप्रिल २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी फॉस्टिनांना संत म्हणून जाहीर केले आणि त्याच दिवशी ईस्टरनंतरचा रविवार जगभर दैवी दयेचा रविवार होणार हे सांगितले. २८ सप्टेंबर २००८ रोजी ब्यालिस्तोक येथे फादर सोपोच्को धन्यवादित झाले. ज्या सणासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तो सण त्यांना या पृथ्वीवर पाहायला मिळाला नाही. मातीत पडलेल्या गव्हाच्या दाण्याबद्दल प्रभूने जे सांगितले ते याहून वेगळे काय आहे?

आणि आपण तीन दिवसांत चमत्काराची हमी देणारे संदेश पाठवतो!

येथे आम्ही कोणाच्या साध्या श्रद्धेची थट्टा करत नाही. ज्या आजी मराठी, कोंकणी आणि कन्नड मिसळून जपमाळ म्हणतात, त्यांची प्रार्थना प्रभू ऐकतो याबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. आमचे भांडण त्या आजींशी नाही. ते आजींना भीती घालणाऱ्यांशी आहे. संदेश पुढे न पाठवल्यास घरात संकट येईल असे लिहिणारा माणूस दयाळू पित्याबद्दल बोलत नाही. तो एका रागीट देवाबद्दल बोलतो आणि त्याच्यावर येशूचे चित्र चिकटवतो. ज्या चित्राखाली प्रभूवरील भरवशाचे शब्द आहेत, त्याच चित्राने भीती पसरवणे याहून मोठा विपर्यास कोणता?

नुकसान कोणाचे होते तेही पाहा. आजारी माणूस नऊ दिवस जपमाळ म्हणतो, गुण येत नाही, आणि मग गटातले कोणी सांगते, 'तुमची श्रद्धा अपुरी पडली.' आजारपणाच्या ओझ्यावर अपराधाचे ओझे चढते. आम्ही रुग्णभेटीला जातो तेव्हा अशी मोडलेली मने भेटतात. दयेच्या नावाने एवढा निर्दयपणा! फादरांनी असल्या प्रकाराला हरकत घेतली, तर ते भक्तीच्या आड येत नाहीत. ते कळप राखत आहेत.

ख्रिस्तसभाही आज हेच सांगते. मे २०२४ मध्ये रोमने कथित अलौकिक घटनांसाठी नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांत अशा घटना पारखून सहा प्रकारच्या निष्कर्षांपैकी एकावर येण्याची जबाबदारी बिशपांवर, रोमच्या संमतीसह, सोपवली आहे. फादर सोपोच्कोंनी विल्नियसमध्ये आपल्या परीने जे केले, त्याच वाटेवरचे हे पाऊल आहे. मग आमच्या धर्मग्रामातील फादर तसेच वागले, तर राग कशाचा?

संत फॉस्टिनांच्या दैनंदिनीत दया दाखवण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: कृती, शब्द आणि प्रार्थना. क्रम लक्षात घ्या. कृती पहिली आहे, प्रार्थना तिसरी. ज्याला हात-पाय हलवता येत नाहीत आणि बोलताही येत नाही, तोही प्रार्थनेने दया करू शकतो, म्हणून ती वाट शेवटी ठेवली आहे. ज्याचे हात-पाय धड आहेत त्याने तिसऱ्या वाटेवर बसून पहिल्या दोन वाटांकडे पाठ फिरवावी, यासाठी नव्हे. फादर सोपोच्को स्वतः ब्यालिस्तोकमध्ये दारूच्या व्यसनाविरुद्ध लोकांना जागे करण्याचे काम करत होते. दयेवर चार खंड लिहिणारा माणूस व्यसनी माणसाला विसरला नाही.

म्हणून येत्या दैवी दयेच्या रविवारी तुम्हांला आमची विनंती आहे. मोबाइलवरून पुढे काही पाठवण्याआधी ते फादरांना दाखवा. ते 'थांबा' म्हणाले तर थांबा, आणि 'का' असे प्रेमाने विचारा. फादरांनाही विनंती, की विचारणाऱ्याला उत्तर द्या. तपासतो म्हणालात तर खरोखर तपासा. कन्फेशनला जाऊन किती वर्षे झाली हे आठवत नाही अशा शेजाऱ्याला हाताला धरून चर्चमध्ये आणा. ज्या भावाशी जमिनीवरून अबोला आहे, त्याच्या दारात आधी जा. मग तीन वाजता जपमाळ हातात घ्या. तेव्हा ती हलकी वाटेल.

हे दयेच्या पित्या, तुझ्या दयेची ओळख आम्हांला करून देण्यासाठी तू एक साधी सिस्टर निवडलीस आणि तिला पारखणारा एक चिकाटीचा धर्मगुरूही दिलास. आमच्या फादरांना पारखण्याची बुद्धी आणि झटण्याची ताकद दे. आम्हां भाविकांना विचारण्याची, ऐकण्याची आणि वाट पाहण्याची कृपा दे. तुझी दया आमच्या ओठांवरून आमच्या हातांत उतरू दे. आमेन.